म्हशीचं गाणं

साताऱ्यात राजवाड्यापासून जवळच एका बोळात, जुन्या कॅसेटवरचं पेनड्राइव्हवर भरून देणारं एक छोटं दुकान आहे. गेल्या दिवाळीच्या आधी मी आणि आण्णा तिथं गेलो होतो. दुकानातल्या पोरानं कॅसेट हातात घेतली, फीत किती ढिली झालीय ते बघितलं, पेन्सिल घालून दोन-चार वेढे घट्ट केले आणि मशीनला लावली. हेडफोन लावून मिनिटभर ऐकलं. मग मला म्हणाला, "ताई, गाण्याच्या मागं लई आवाज आहे. भांड्यांचा, जनावराचा, कुठलं तरी पोरगं बोलतंय. काढून टाकू का? गाणं एकदम स्वच्छ होईल."

मी काही बोलायच्या आत स्टुलावर बसलेले आण्णा म्हणाले, "आवाजाला हात लावायचा न्हाई."

आण्णा म्हणजे माझे वडील. मराठा लाईट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून पेन्शनीत आले त्याला तीस वर्षं होऊन गेली. ती कॅसेट १९८८ साली त्यांच्याजवळ होती, श्रीलंकेत, जाफन्याला.

आमचं गाव नागठाण्याच्या बाजूचं. या पट्ट्यात मिल्ट्री ही काही बातमी नव्हे. अपशिंगे आमच्यापासून लांब नाही. गावाच्या नावालाच 'मिलिटरी' जोडलेलं, आणि पहिल्या महायुद्धात त्या एका गावची ४६ माणसं कामी आलेली. आमच्याकडं स्थळ बघायला आलेल्या माणसाला 'पोरगं काय करतं' याचं उत्तर अर्ध्या घरांत एकच मिळतं. फौजींबद्दल आम्ही लहानपणापासून ऐकतो ते काळ्या ट्रंकेबद्दल, कॅन्टीनच्या सामानाबद्दल, सुट्टी संपून जाताना एसटीच्या खिडकीतून दिलेल्या कंदी पेढ्यांच्या पुड्याबद्दल. शौर्याच्या गोष्टी १५ ऑगस्टला शाळेत. पण तिथं रात्री काय ऐकत होता, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. मलाही चाळिशी उलटेपर्यंत आलं नव्हतं.

घरात संध्याकाळी सात म्हणजे 'जयमाला', हे मात्र जन्मापासून ठरलेलं. विविध भारतीवर फौजी बांधवांच्या फर्माइशीची गाणी. निवेदिका नावं वाचायच्या, हुद्दे वाचायच्या, मग गाणं. शनिवारी विशेष जयमाला, त्यात कुणी सिनेमातला माणूस येऊन जवानांशी बोलायचा. आई भाकऱ्या थापता थापता नावांकडं कान लावून असायची. आण्णांचं नाव कधीच आलं नाही, कारण आण्णांनी कधी पत्रच टाकलं नव्हतं. तरी ती ऐकायची. पलटणीतला, तालुक्यातला, निदान जिल्ह्यातला कुणी निघाला तरी तिचा चेहरा उजळायचा. आणि फर्माइशी कसल्या असायच्या? तलवारीच्या नाहीत, तिरंग्याच्या नाहीत. रुसव्याच्या, वाट बघण्याच्या, चांदण्या रात्रीच्या. हे मला तेव्हा विचित्र वाटायचं. एवढी मिशीवाली, बंदूकवाली माणसं, आणि असली गाणी मागतात?

या जयमालेचा जन्मही ऐकण्यासारखा आहे. १९५२ साली बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले. आपलेच मराठी गृहस्थ, शास्त्रीय संगीताचे मोठे कैवारी. सिनेमाची गाणी त्यांना हलकी वाटत, आणि आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपारच झाली. लोकांनी काय केलं, तर सुई फिरवली आणि रेडिओ सिलोन लावलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' तिथून सुरू झाली आणि सारा देश सिलोनचा झाला. शेवटी सरकारलाही लोकांच्या कानापुढं नमावं लागलं. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती आली, आणि तिच्यातूनच पुढं फौजींच्या हातात हवं ते गाणं मागायचा हक्क पडला. केसकरांबद्दल मला आदर आहे, आकाशवाणीच्या संगीत सभा त्यांनी उभ्या केल्या. पण कुठलं गाणं माणसाला कधी लागतं, हे वरून ठरवता येत नाही, एवढं त्यांना कळायला हवं होतं.

आण्णांच्या पिढीला 'सिलोन' हे देशाचं नाव नव्हतंच, रेडिओचं स्टेशन होतं. सकाळी साडेसातला जुन्या सिनेमांची गाणी, आणि आठ वाजायला आले की शेवटचं गाणं सैगलचं. आजोबा सैगल संपला की वैरण टाकायला उठायचे. त्या सिलोनला आण्णा १९८७ साली बंदूक घेऊन उतरले.

२९ जुलैला भारत आणि श्रीलंका सरकारांत करार झाला होता. शांतिसेना म्हणून फौज गेली. गावात सगळ्यांना वाटलं, शांततेचंच काम आहे, दोन महिन्यांत माघारी. ऑक्टोबरात तमिळ वाघांशी, म्हणजे एलटीटीईशी लढाई पेटली ती मार्च १९९० मध्ये शेवटचा जवान परतेपर्यंत. सुमारे बाराशे भारतीय सैनिक तिथं कामी आले. परत आलेल्यांसाठी कुठं फुलं उधळली गेली, असं आण्णांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. त्या लढाईवरचं एखादं गाणंही माझ्या कानावर कधी पडलं नाही. १९६२ ला गाणं मिळालं, १९७१ ला मिळालं, कारगिलला तर कितीतरी. माझ्या बापाच्या लढाईला नाही.

कॅसेटची हकिकत आईकडून कळली. आण्णांचं इनलँड आलं, पत्ता नेहमीचा, ५६ एपीओ. त्यात खुशालीच्या दोन ओळी झाल्यावर लिहिलं होतं की, इथं एकाजवळ टेप आहे, पण कॅसेटी दोनच आहेत आणि त्या ऐकून ऐकून झिजल्या. आईनं शेजारच्या घरातून टेपरेकॉर्डर मागून आणला. कोरी कॅसेट साताऱ्याहून मागवली. रेडिओतून सरळ भरायची सोय नव्हती, म्हणून सात वाजता ती रेडिओसमोर टेप ठेवायची, लाल बटण दाबायची आणि आम्हा पोरांना गप्प बसवायची. आठ दिवस हे चाललं. आम्ही काही गप्प बसलो नाही. घरही बसलं नाही. स्वयंपाकघराची भिंत आणि गोठ्याची भिंत एकच, त्यामुळं धारेच्या वेळेला म्हैस हंबरली की ती थेट गाण्यात. एका गाण्यात तांब्या पडतो. एकात आजी ओवीच्या चालीवर काहीतरी पुटपुटत जाते. आणि एका प्रेमगीताच्या दुसऱ्या कडव्यात मी, सात वर्षांची, अगदी टेपजवळ तोंड नेऊन विचारते, "आण्णांना आत्ता ऐकू येतंय?"

आईनं कॅसेट कापडात शिवून पाठवली. गाणी खराब झाली म्हणून तिला फार वाईट वाटत होतं. तसं तिनं पत्रात लिहिलंही.

आण्णा तिथलं फारसं बोलत नाहीत. जे बोलले ते तुकड्यातुकड्यानं, ऊस तोडणीच्या पैशांचा हिशेब करताना, दवाखान्याच्या बाकावर, एकदा पावसात अडकल्यावर बसस्टॉपच्या पत्र्याखाली. त्यातलं एक मला पुन्हा पुन्हा आठवतं, मोर्चातलं, म्हणजे पहाऱ्याच्या खंदकातलं. म्हणाले, "रातच्याला मोर्चात बसलं की माणूस डोळ्यानं नसतो, कानानं असतो. माडाचं झावळं हाललं तरी कान. कुत्रं भुंकायचं थांबलं तरी कान. कान दुखाय लागतात, खरंच दुखतात."

मी यावर बराच विचार केला. भीती म्हटलं की आपण छातीतल्या धडधडीबद्दल बोलतो. पण पहाऱ्यावरच्या माणसाचा प्रत्येक आवाज हा प्रश्न असतो. काडी मोडली, कुणी मोडली? पाणी डुचमळलं, का डुचमळलं? चोवीस तास असं ऐकत राहिलेल्या कानाला गाणं काय देत असेल? तर असा आवाज, ज्याच्यात धोका नाही. पुढची ओळ कुठली येणार ते आधीच ठाऊक असतं, आणि ती येतेही. जिथं पुढच्या वळणावर काय आहे याचा भरवसा नाही, तिथं धृपद ठरल्या जागी परत येतं. त्यात स्वतः गुणगुणलं तर आणखी एक गोष्ट घडते. ओळ पुरी करायला श्वास लांब सोडावा लागतो, आणि लांब सुटलेल्या श्वासानं धडधड खाली बसते. आपल्याकडं बाळाला झोपवताना आया हेच करतात. वारकरी चढ चढताना हेच करतात. चारजण मिळून गायले तर चौघांचा श्वास एका मापात पडतो, आणि एकटेपणाची धार तेवढी बोथट होते.

फौजेला हे फार आधीपासून ठाऊक आहे. संचलनाची मिनिटाला १२० पावलं बँडवर पडतात, लाईट इन्फन्ट्री तर त्याहून झपाझप चालते. मराठा पलटणीत झांजपथक असतं, मंदिर परेडला ढोलकी आणि टाळ असतात, रविवारी अभंग होतात. आणि बँडमधले जवान लढाईच्या वेळी वाद्यं ठेवून स्ट्रेचर उचलायला जातात, ही रीत मला कळली तेव्हा मी कितीतरी वेळ गप्प होते. सकाळी ज्या हातात क्लॅरिनेट, संध्याकाळी त्याच हातात जखमी सोबती.

पण हे झालं सरकारी संगीत. मोर्चात चालायचं ते निराळं. आणि त्या निराळ्या संगीताबद्दल वरच्यांना नेहमी धाकधूक वाटत आली आहे. आण्णांच्या कंपनीत एक सुभेदारसाहेब होते, त्यांना सिनेमाची रडकी गाणी खपायची नाहीत. ते म्हणायचे, असल्या गाण्यानं जवान मऊ पडतो, घराकडं तोंड करतो. यात ते एकटे नव्हते. १९४२ साली खुद्द बीबीसीनं फार हळव्या गाण्यांवर बंधनं घातली, सैनिकांचा कणा वाकेल म्हणून. तिकडं जर्मनीत हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स, त्याला 'लिली मार्लेन' हे गाणं नकोसं झालं होतं. छावणीच्या फाटकावर, दिव्याखाली थांबलेल्या मुलीची आठवण, एवढंच ते गाणं. हान्स लाइप नावाच्या शिपायानं पहिल्या महायुद्धात, १९१५ साली त्याचे शब्द लिहिले. लाले अँडरसननं १९३९ मध्ये ते गायलं, तेव्हा कुणी फारसं विचारलं नाही. १९४१ साली बेलग्रेडच्या जर्मन फौजी केंद्रानं ते रात्री दहाच्या जरा आधी लावायला सुरुवात केली आणि उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटातले जर्मन सैनिक रेडिओला चिकटले. समोरच्या खंदकातली ब्रिटिश आठवी आर्मीही चिकटली. त्या आर्मीत आपल्या हिंदी पलटणीही होत्या. भाषा कळत नसताना माणसं शत्रूच्या स्टेशनावर सुई लावून बसायची. गाणं बंद करायचा प्रयत्न झाला, तर आघाडीवरून मागणी आली की लावा. लावावं लागलं.

बीबीसीवाल्यांना ज्यांच्या हळवेपणाची काळजी वाटत होती त्या इंग्लिश गायिका व्हेरा लिन १९४४ मध्ये ब्रह्मदेशात जाऊन सैनिकांपुढं गायल्या. ते सैनिक काही मऊ पडले नाहीत. पुढच्या वर्षी तीच फौज रंगूनला पोचली. व्हिएतनाममध्ये अमेरिकन पोरांनी अ‍ॅनिमल्स या इंग्लिश बँडचं, इथून सुटायलाच हवं असं म्हणणारं गाणं आपलंसं केलं. ते मुळात लढाईवर नव्हतंच, एका कळकट कामगार वस्तीतून बाहेर पडू बघणाऱ्या जोडप्याचं होतं. आपल्याकडं चीन युद्धाच्या काळात विठाबाई नारायणगावकरांनी जवानांसमोर तमाशा केला. थंडीत गारठलेल्या, हरलेल्या फौजेपुढं ढोलकी आणि घुंगरू. मला हे कुठल्याही भाषणापेक्षा मोठं वाटतं.

याची दुसरी बाजू नाकारायची नाही. इराकमधल्या अमेरिकन सैनिकांशी बोलून जोनाथन पीस्लाक या संगीत-अभ्यासकानं २००९ साली पुस्तक लिहिलं. त्यात गस्तीवर निघायच्या आधी कर्कश मेटल आणि रॅप लावून अंगात आग भरणारे सैनिक भेटतात. आपल्या पोवाड्याचंही काम थोडं तेच. डफावर थाप पडली की रक्त उसळतं, उसळावंच. लढायला जाताना माणसाला तेही लागतं. फक्त ते अर्ध्या तासाचं. उरलेले साडेतेवीस तास ज्याच्यावर निघतात, ते गाणं वाट बघणाऱ्या बाईचं असतं, असं मला आता ठामपणे वाटतं.

लहानपणी एका गोष्टीचा मला फार राग होता. १५ ऑगस्टला शाळेत झेंडावंदन झालं की लाउडस्पीकरवर 'ऐ मेरे वतन के लोगों' लागायचं. सगळे कसे स्तब्ध व्हायचे. आणि आमचे आण्णा, गावात सगळ्यात कडक सॅल्यूट ठोकणारे, त्या गाण्याच्या पहिल्या ओळीलाच मैदानातून निघून ओढ्याच्या बाजूला चालू लागायचे. पोरी माझ्याकडं बघायच्या. मी घरी येऊन भांडले होते. त्यावर ते काही बोलले नाहीत. बोलले ते पंचवीस वर्षांनी, लतादीदी गेल्या त्या दिवशी, टीव्हीवर ते गाणं दिवसभर चालू असताना. म्हणाले, "लई मोठं गाणं हाय. पर ते तुमच्यासाठी हाय."

त्यांचं म्हणणं शब्दशः खरं आहे. २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीत लताबाईंनी ते गायलं, शब्द प्रदीप यांचे, चाल आपल्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांची. गेलेल्या जवानांसाठी मागं राहिलेल्यांनी रडावं म्हणून ते लिहिलेलं. हाक आहे ती लोकांना. जो तिथून जिवंत परत आलाय, त्यानं त्या गाण्यात कुठं उभं राहायचं?

आण्णांच्या बरोबर खटाव तालुक्यातला एक नाईक होता. आण्णा त्याचं नाव घेत नाहीत, 'खटावचा' एवढंच म्हणतात. आईची कॅसेट पोचली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्यालाच झाला. त्याच्या घरी दोन म्हशी होत्या, लहानपण त्यांच्यामागंच गेलेलं. तिसऱ्या गाण्यात आमची म्हैस हंबरते ती जागा त्यानं पाठ केली होती. तिच्याआधी हात वर करून सगळ्यांना गप्प करायचा, आणि हंबरली की म्हणायचा, "आली धारंला." त्यानं टेपवरून आमच्या म्हशीचं वेत ओळखलं, ताजी व्यालेली आहे म्हणाला, आणि ते बरोबर होतं. हळूहळू सगळी सेक्शन त्या गाण्याला म्हशीचं गाणं म्हणू लागली. गायिका कोण, सिनेमा कुठला, संगीत कुणाचं, कुणाला पर्वा नव्हती. 'म्हशीचं लाव रं.' आवाज अगदी बारीक ठेवून, टेप घोंगडीखाली धरून, चार डोकी आत.

रस्त्यात पुरलेल्या सुरुंगानं तो गेला. सकाळी रस्ता मोकळा करायला निघाले होते. यापलीकडं आण्णांनी मला सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही.

त्यानंतर कॅसेट ट्रंकेत गेली. कुणी लाव म्हणालं नाही. दहा-बारा दिवसांनी, संध्याकाळचं स्टँड-टू, म्हणजे सगळ्यांनी हत्यार धरून सज्ज राहायची वेळ, उतरल्यावर, सुभेदारसाहेब मोर्चात येऊन बसले. तेच, रडक्या गाण्यांवर खेकसणारे. बराच वेळ बसून राहिले आणि म्हणाले, "अरे, ते म्हशीचं लावा." तिसऱ्या गाण्यात ती जागा आली तेव्हा कुणीच काही म्हणालं नाही, असं आण्णा सांगतात. गाणं संपलं, तर साहेबांनीच फीत मागं घेतली आणि परत लावलं.

गाण्यानं सगळं भरून निघतं असं मी म्हणणार नाही. परत आल्यावर गावातल्या एका लग्नात बँडवाल्यांनी वरातीत नेमकं तेच गाणं वाजवलं. आण्णांच्या हातातला चहाचा कप डचमळला, ते मांडवामागं गेले आणि तास-दीड तास आले नाहीत. आईनं त्यानंतर ती कॅसेट कपाटात साड्यांच्या खाली ठेवली, ती परवापरवापर्यंत तिथंच होती.

बाहेर निघाली माझ्या भाच्यामुळं. तोही मराठाच, सध्या लडाखच्या बाजूला. त्याच्या मोबाइलमध्ये हजार गाणी आहेत. थंडीत बॅटरी उतरते म्हणून फोन आतल्या बनियनमध्ये, अंगाशी धरून ठेवतो. नेटवर्क असलं की गावच्या यात्रेचे, हलगीचे, बैलगाडा शर्यतीचे व्हिडिओ मागवतो. सुट्टीवर आला असताना आजीकडून त्याला कॅसेटची गोष्ट कळली आणि तो हटूनच बसला. म्हणून आम्ही त्या दुकानात गेलो होतो.

पोरानं आवाज न काढता जसंच्या तसं भरून दिलं. घरी आल्यावर मी फाइल पाठवली. नऊ-दहा दिवस काही निरोप नाही. मग एका रात्री त्याचा व्हॉइस मेसेज आला, दोन मिनिटांचा. पोचलं म्हणाला, सगळ्यांनी ऐकलं म्हणाला, दोन पोरं साताऱ्याची आहेत, एक कागलचा, त्यांनी म्हैस दोनदा लावायला लावली. मग बाकीचं नेहमीचं, जेवण, थंडी, आईला सांग काळजी करू नको.

आण्णांनी फोन कानाला लावून ऐकलं. परत लाव म्हणाले. परत ऐकलं. डोळे मिटलेले, भुवया जवळ आलेल्या.

मी विचारलं, "नीट ऐकू येत नाही का?"

"येतंय की," ते म्हणाले. "त्येच्या मागं फुरफुर चालू हाय बघ. बुखारी हाय ती, तिकडची शेगडी. म्हंजी आत गरम असंल." आणि फोन पुन्हा माझ्यापुढं धरला. "अजून एकदा लाव."